करकरीचा बंदोबस्त

साहेबांच्या केबिनचं दार करकरायचं. साधंसुधं नव्हे, ते उघडलं की रस्त्यापलीकडच्या न्हाव्याचा वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालावर थबकायचा. कुलपं बनवणाऱ्या कंपनीत असलं दार म्हणजे साहेबांना अब्रूचा प्रश्न वाटायचा. त्यात एके सकाळी प्रश्नोपंत त्यांच्या तावडीत सापडला.

प्रश्नोपंत हे नाव त्याला आल्या दिवशीच पडलं होतं, कारण लोकांच्या गरजा गोळा करणं हेच त्याचं काम. कंपनीत नवी संगणक-व्यवस्था यायची होती. तिच्याकडून कोणाला काय हवंय ते खोदून काढायला त्याला तात्पुरतं ठेवलं होतं.

"आधी ह्या दाराचं बघा," साहेब म्हणाले. "आवाज बंद झाला तर नोकरी पक्की. नाही झाला, तर ह्याच दारातून बाहेर."

"निर्धास्त राहा, साहेब. माणसाला काय हवंय ते त्याच्या आधी मला कळतं!"

त्याने हेडक्लार्कांपुढे खुर्ची ओढली. "दाराचा तुम्हाला काय त्रास होतो?"

"कसलाच नाही. झकास दार आहे."

"पण आवाज?"

"गोड आहे हो! असू दे की."

"का?"

हेडक्लार्कांनी आवक-जावक सांभाळणाऱ्या बाईंकडे पाहिलं. बाईंनी छताकडे पाहिलं.

"सवय झालीय," बाई म्हणाल्या. "घरच्यासारखं वाटतं."

एखादा कच्चा माणूस इथे विचार करत बसला असता. प्रश्नोपंत पक्का होता. त्याने सुतार बोलावला, बिजागऱ्यांत तेल सोडलं, चौकट तासून घेतली. दार इतकं मऊ झालं की त्याच्यापुढे मांजराची पावलंही धपाधप वाजावीत.

दुसऱ्या दिवशी साहेब बाहेर आले. हेडक्लार्क टेबलावर पाय टाकून संत्रं सोलत होते. बाई पोट पुढे, हात मागे अशी कोणाची तरी चाल करून दाखवत होत्या, त्या वळल्या आणि थेट साहेबांवर आदळल्या.

"हे कोणाचं सोंग चाललंय?"

"तुमचंच, साहेब," बाईंच्या तोंडून निघून गेलं.

त्यानंतर साहेब केव्हाही पाठीशी उगवू लागले. धास्तीने लोक कामाला लागले, आणि असे लागले की आठवड्याचं काम जेवणाच्या सुट्टीआधी संपलं. संपलेलं काम सहीला आत नेणं आलंच. पण दार बाहेरून ढकललं तरीही वाजत नव्हतं! साहेब घोरताना सापडले. नखं कापताना सापडले. आरशापुढे श्वास कोंडून, पोट आत ओढून उभे असताना तर दोघांना एकदम सापडले.

"प्रश्नोपंत! मी आवाज घालवायला सांगितला होता, अब्रू नव्हे! संध्याकाळपर्यंत करकर परत आणा, नाहीतर चालते व्हा!"

"आणतो की! लांब हवी की आखूड? कण्हल्यासारखी की किंचाळल्यासारखी?"

सुताराने मात्र हात वर केले. "आवाज घालवायला तेल पुरतं, राव. आणायला पंधरा पावसाळे लागतात."

दोघं बिजागरी खरवडायच्या तयारीने केबिनशी आले, तेवढ्यात मालक हजर. मालक म्हणजे साहेबांचे सासरे. 'साहेब हल्ली भुतासारखे मागे उभे असतात,' असा फोन हेडक्लार्कांनीच केला होता. मालकांनी दार ढकललं. आत साहेब खुंटीवरच्या कोटाला झापत होते.

"सासरेबुवा, आज मी बोलणार! लग्न झाल्यापासून दर रविवारी तुमच्याकडे जेवायला येतोय. जेवण झालं की तीच वाघाच्या शिकारीची गोष्ट! दर खेपेला वाघ हातभर लांब होतो. अहो, मलाही एखादा रविवार लोळत काढावासा वाटतो!"

कोट काही बोलला नाही. मालक बोलले.

"मग येता कशाला?"

साहेबांनी वळून पाहिलं आणि आधारासाठी कोटालाच मिठी मारली. "तु... तुम्ही बोलावता म्हणून."

"मी? अहो जावईबापू, जेवण झालं की मलाही झोप येते! तुम्हाला वाघ आवडतो, म्हणून मी डोळे ताणून ताणून तो मारत बसतो!"

मग मालकांनी दार पुढे-मागे हलवून पाहिलं. "हे कोणाचं काम?"

बाहेर सगळ्यांनी एकाच वेळी प्रश्नोपंताकडे बोट दाखवलं. सुताराने तर दोन दाखवली.

"इतक्या वर्षांत आमचे जावई 'सगळं ठीक आहे' ह्यापलीकडे बोलले नाहीत," मालक म्हणाले. "त्यांना काय हवंय ते ह्या पठ्ठ्याने काढून दाखवलं. असाच माणूस पाहिजे. नोकरी पक्की!"

प्रश्नोपंताची छाती फुगली. "आभारी आहे. पण मालक, काम अर्धंच झालंय. रविवारच्या जेवणाबद्दल दोन्ही घरच्या बाईसाहेबांना काय हवंय, ते राहिलं. आत्ता जाऊन विचारून येऊ?"

"नको!" सासरे आणि जावई आयुष्यात पहिल्यांदा एका सुरात ओरडले.

मालकांनी घाम पुसला, हेडक्लार्कांना जवळ ओढलं आणि कानात म्हणाले, "ह्यांना उद्यापासून कायम करा. फक्त माझ्या घराचा पत्ता देऊ नका."