सिप्रियाँच्या मुठीतला पाइप

"यंदा पहिलं बक्षीस आपलंच! लिहून घ्या!"

अनातोलने दारूच्या दुकानात टेबलावर मूठ आपटून जाहीर केलं आणि बसलेली सगळी मंडळी गालातल्या गालात हसली. हसतील नाही तर काय! दर जूनमध्ये तो हेच म्हणायचा आणि दर जूनमध्ये हात हलवत घरी यायचा. आमच्या सां-क्लोद गावात तंबाखूचा पाइप कोरता न येणारा माणूस शोधून सापडायचा नाही, पण स्पर्धेतला 'बिलियर्ड' घाटाचा पाइप भल्याभल्यांना रडवतो. दिसायला किती साधा! तंबाखू भरायचं सरळ भांडं, सरळ दांडा, दोन्हींची लांबी अगदी सारखी. नक्षी नाही, वळण नाही, म्हणजे चूक लपवायला जागाच नाही.

आणि चूक काढणारा माणूस अनातोलच्या घरातच होता. त्याचे सासरे, सिप्रियाँ. जन्मभर लाकडाची धूळ छातीत भरून घेतलेले, गावातले सगळ्यात नावाजलेले आणि सगळ्यात खडूस कारागीर! दरवर्षी ते जावयाचा पाइप हातात घ्यायचे, डोळे मिटून अंगठा आधी भांड्यावरून, मग दांड्यावरून फिरवायचे आणि म्हणायचे, "दांडा आखूड आहे, जावईबापू."

झालं! पुढे आठवडाभर अनातोलच्या घशाखाली घास उतरायचा नाही. खरं सांगायचं तर त्याला बक्षिसाचंही एवढं नव्हतं. म्हाताऱ्याच्या तोंडून एकदा, फक्त एकदा, "बरोबर आहे" एवढं त्याला ऐकायचं होतं.

पण यंदा म्हातारेच निघायच्या तयारीत होते. खोकला छाती फोडून बाहेर येत होता. डॉक्टरांनी क्लेमांसला, म्हणजे अनातोलच्या बायकोला, बाजूला घेऊन सांगितलं, "रविवार काही बघत नाहीत ते." आणि स्पर्धा होती रविवारी.

म्हाताऱ्याच्या उशाशी फडक्यात गुंडाळलेला एक ठोकळा असायचा. ब्रायर नावाच्या झुडपाच्या मुळाचा, तरुणपणापासून सुकवलेला. असं लाकूड गावात दुसरं नाही, अशी त्याची ख्याती होती. म्हातारे रोज त्यावर नखाने टकटक करायचे, कान लावून ऐकायचे आणि पुन्हा गुंडाळून ठेवायचे. कोरायचं मात्र नाव नाही! कुणी विचारलंच तर म्हणायचे, "हा माझ्याबरोबर मातीत जाणार."

"मातीत? असलं लाकूड?" अनातोल मनात चडफडायचा. "किड्यांना काय बिलियर्ड कळणार आहे, कपाळ!"

मग काय, म्हातारे तापात असताना त्याने फडक्यात दुसरा ठोकळा ठेवला आणि तो उचलला. माळ्यावर दार लावून कोरायला बसला. आणि काय सांगू, हात असा चालला म्हणता! लाकूडच जणू वाट दाखवत होतं. भांडं उतरलं, दांडा उतरला. असा बिलियर्ड त्याच्या हातून आजवर झाला नव्हता. शेवटचा घासकागद फिरवताना आनंदाने त्याला रडूच यायचं बाकी होतं.

आणि तेवढ्यात भांड्याच्या डाव्या गालातून टुपकन एक खडा निसटला.

वाटाण्याएवढं भोक! ब्रायरचं मूळ खडकातून वाढतं, खडे पोटात घालूनच. कुठे काय निघेल सांगता येत नाही. कारखान्यात असल्या भोकात लुकण भरतात आणि पाइप स्वस्तात विकतात. स्पर्धेत मात्र लुकण सापडलं की माणूस जन्माचा बाद! अनातोल खूप वेळ डोकं धरून बसला. मग उठला, मेण, लाख आणि लाकडाचा भुसा घोटला, भोक बुजवलं, वरून हात फिरवला. म्हणाला, "कोण बघतंय!"

शुक्रवारी सकाळी पाइप घेऊन तो सासऱ्यांपाशी गेला. डोळ्यांनी त्यांना आता दिसत नव्हतं. त्याने पाइप हातात दिला. म्हाताऱ्यांनी तो हुंगला, चाचपला. अंगठा भांड्यावरून हळूहळू फिरला. मग दांड्यावर आला. अनातोल पुढे वाकला. अंगठा दांड्याच्या मध्यापर्यंत गेला आणि थांबला.

"काय मामा? बरोबर आहे ना? बोला की!"

म्हातारे बोलले नाहीत. ते गेले होते. पाइप मुठीत घट्ट धरून!

क्लेमांस धावत आली. तिने बापाकडे पाहिलं, मुठीकडे पाहिलं, पाइप जरासा फिरवला, आणि नवऱ्याच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला. "बाबांसाठी कोरलास! त्यांचाच ठोकळा! त्यांच्याबरोबर जावा म्हणून!"

"अगं, म्हणजे... तसं..." अनातोल सांगू लागला. तोवर शेजारीणबाई दारात! दुपारपर्यंत अख्ख्या गावात झालं की अनातोलने स्पर्धेचा पाइप सासऱ्याच्या पायी वाहिला. असा जावई सात जन्मांत मिळायचा नाही!

लोक रांगेने आले. खिडक्यांच्या झडपा लावलेल्या, खोलीत भट्टीसारखा उकाडा, शवपेटीला लागून जाड मेणबत्त्या. जो तो हात जोडायचा आणि वाकून पाइपच बघायचा! स्पर्धेचे पंच बार्नाबे तर चष्मा पुसून पुन्हा वाकले. "काय बिलियर्ड आहे! रविवारी टेबलावर असता ना, तर पहिलं बक्षीस डोळे झाकून दिलं असतं."

अनातोलच्या तोंडून आह निघाली. "किती लळा होता बिचाऱ्याला!" बायका कुजबुजल्या.

आता मात्र त्याला राहवेना. "मला शेवटचं भेटू द्या मामांना!" म्हणून तो प्रेतावर आडवा पडला आणि कोटाआडून पाइप ओढू लागला. सुटेल तर शपथ! जिवंतपणी म्हाताऱ्यांनी कधी काही सोडलं नव्हतं, मेल्यावर काय सोडणार! त्याने दात खाऊन पिळला. पाइप मुठीतल्या मुठीत फिरला, एवढंच. चौघांनी मिळून त्याला उठवलं, तोंडाला ब्रँडी लावली.

थोड्या वेळाने क्लेमांसची ओनोरीन आत्या किंचाळली. ती डोंगरापलीकडची, गाई राखणारी. तिला पाइपमधलं काय कळतंय!

"रक्त! सिप्रियाँच्या हातातून रक्त येतंय! पाद्रीबाबांना बोलवा! चमत्कार झाला!"

पांढऱ्या सदऱ्यावर तांबूस काळी धार उतरत होती. मेणबत्तीच्या समोर आलेलं लुकण वितळून भळभळ वाहत होतं आणि वर भोक वासून बघत होतं. आत्या गुडघ्यांवर पडली. बाकी कुणी नाही! तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाने जन्मभर पाइपच केले होते. काय वाहतंय ते पोरासोरांनाही कळलं.

बार्नाबेंनी चष्मा काढून खिशात ठेवला, पुढे होऊन स्वतःच्या हाताने झाकण लावलं आणि म्हणाले, "उकाडा फार आहे. खिळे आणा."

शनिवारी माती दिली. रविवारी चौकात स्पर्धेचा बँड वाजत होता आणि अनातोल खिडक्या लावून स्वयंपाकघरात बसला होता. क्लेमांस सूप ढवळत होती.

"अख्ख्या गावात तोंड काळं झालं माझं," तो म्हणाला. "मामांच्या ठोकळ्यात भोक निघेल असं कुणाला वाटलं होतं?"

"बाबांना. रोज नखाने वाजवून काय ऐकायचे ते? आत पोकळ वाजायचं. म्हणून तर कधी कोरला नाही. कोरला नाही तोवर गावातलं पहिल्या नंबरचं लाकूड होतं ते!"

तिने सूप ताटलीत वाढून अनातोलपुढे ठेवलं.

"आणि मी कारखान्यात काय करते, विसरलास? लग्नाआधीपासून लुकण भरतेय मी. मुठीकडे पाहिलं तेव्हाच दिसलं मला. रविवारी पंचांनी तुला चौकात उभं करून बाद केलं असतं. म्हणून 'बाबांसाठी कोरलास' असं म्हणत रडले, आणि भोक आतल्या अंगाला फिरवून ठेवलं. ते बाहेर कुणी काढलं?"

तो मान खाली घालून सूप पिऊ लागला. डोळ्यांतून पाणी टपटप ताटलीत पडत होतं. क्लेमांसने त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग त्याने हळूच विचारलं, "पण आकार? तू तर हातात धरलास. आकार तरी बरोबर होता ना गं?"

क्लेमांस शेवटी त्याच बापाची लेक. तिने डोळे मिटले, अंगठा हवेत जरासा फिरवला आणि सुस्कारा सोडला.

"दांडा केसभर आखूडच होता, अनातोल."