हिंमतनाना विचारतात, काम कसं शे

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, घरातसुद्धा नाही. हिंमतनानांच्या वेबसाइटवर त्यांच्याविषयी एकुलता एक अभिप्राय पडला होता, तो मी टाकला होता. नाव न घालता. आणि तो खोटा होता.

पण आधी नाना.

नानांबरोबर कधी खरेदीला जाऊ नये. गेलात तर रिकाम्या हातानं परत याल. आपण दुकानात शिरलो की माल बघतो, भाव विचारतो. नाना माल दाखवणाऱ्याकडे बघतात. पुतणीच्या लग्नाच्या साड्या घ्यायला नंदुरबारच्या बाजारात सगळं घर गेलं होतं. गादीवर साड्यांचा ढीग पडला, नानींनी एक जांभळी पसंतही केली. तेवढ्यात नानांनी साड्या उलगडणाऱ्या पोऱ्याला विचारलं, "तुले बसाले स्टूल शे का?"

पोऱ्यानं गल्ल्याकडे एक नजर टाकली आणि म्हणाला, "शे ना नाना."

"कोठे शे? दखाड."

स्टूल काही निघालं नाही. नाना उठले, पायात चपला घातल्या आणि चालू लागले. मागून सगळ्या बायका. नानी त्या लग्नात जुन्याच साडीवर मिरवल्या आणि नवऱ्याच्या स्टुलाची गोष्ट त्यांनी मांडवात भेटेल त्याला सांगितली.

सारंगखेड्याच्या यात्रेत लोक घोड्याचे दात बघतात, चाल बघतात. नाना घोड्याला खरारा करणाऱ्या माणसाला बाजूला घेऊन विचारतात, मालक कसा शे, जेवण वेळेवर देतो का, आजारी पडलास तर काय. एकदा मी बरोबर होतो. त्या माणसाची चौकशी संपल्यावर नाना घोड्याकडे वळले आणि त्याच्या डोळ्यांकडे बराच वेळ बघत राहिले. मी म्हटलं, नाना, चला, लोक बघताहेत. तर म्हणाले, "घोडाबी नोकरीच करस ना भो."

आता एवढ्यावरून तुम्हाला वाटेल, नाना म्हणजे जन्माचे कामगारांचे कैवारी. तसं नाही. नाना आमच्या मिरचीच्या कंपनीत सुपरवायझर होते आणि मी त्यांच्या हाताखाली हजेरी लिहायला होतो. गावाबाहेरच्या पथारीवर मिरच्या लाल गालिच्यासारख्या वाळत पडलेल्या आणि कडेला ओळीनं बसून बाया देठ खुडत असायच्या. बहुतेक नवापूरकडच्या पाड्यांवरून आलेल्या. मिरचीच्या कामात शिंक येणारच. एकीला आली की दुसरीला येते, मग हसू येतं, मग बोलणं सुरू होतं. नानांना ते चालत नसे. "शिंका घर जाईसन द्या," असं म्हणायचे. फार शिंकणाऱ्या बाईकडे ते नुसतं बोट करायचे आणि मी तिचा अर्धा खाडा लावायचो. नाना स्वतः मात्र कधी शिंकले नाहीत. मिरचीसुद्धा त्यांना घाबरते, असं बाया आपसात म्हणायच्या. ते मला ऐकू येत असे आणि मी ते नानांना सांगत नसे, इतकाच काय तो माझा पराक्रम.

तर असा हा माणूस निवृत्त झाला आणि वर्षभरात जगाला स्टूल विचारत फिरू लागला. गावात कोणाला ते उलगडेना. काही म्हणाले, पुढच्या निवडणुकीची तयारी आहे.

मग वेबसाइट आली. कुठंतरी नानांनी ऐकलं, शहरातली नोकरदार माणसं आपापल्या कंपन्यांविषयी इंटरनेटवर बरंवाईट लिहितात आणि नवा माणूस ते वाचून नोकरी धरतो. नानांनी ते मनावर घेतलं. कॉम्प्युटर क्लास आणि फ्लेक्सची छपाई एकाच गाळ्यात चालवणाऱ्या योगेशला त्यांनी धरलं. साइटचं नाव ‘काम कसं शे’. तिच्यावर आपल्या भागातली दुकानं, ढाबे, जिनिंग, पथाऱ्या, आणि प्रत्येकापुढं पाच स्टार. नाव घालायची सक्ती नाही. लिहिता येत नसेल त्यानं फोनवर बोलावं, योगेश टाइप करील. नाना मला म्हणाले, हजार अभिप्राय नकोत, एक खरा मिळाला तरी साइट वसूल.

उद्घाटन त्यांनी पथारीवरच ठेवलं, दुपारच्या चहाच्या सुट्टीत, म्हणजे कोणाचा रोज बुडायला नको. योगेशनं वजनकाट्यावर लॅपटॉप मांडला, त्याला हार घातला, नारळ फोडला. वारा सुटला आणि योगेश शिंकायला लागला तो थांबेचना. आणि मग, मी डोळ्यांनी पाहिलं, नाना शिंकले. एकदा नाही, लागोपाठ. समोर एवढ्या बाया बसलेल्या, पण एकही हसली नाही. सगळ्यांत जुनी जमनाबाई, तिनं सवयीनं पदर तोंडाला लावला आणि मान खाली घातली.

एवढ्यात कंपनीचे मालक शेठ आले. कोणी बोलावलं नव्हतं, पण पेढे घेऊन आले, नानांच्या पाठीवर थाप मारली आणि सर्वांनी मोकळेपणानं लिहा म्हणून सांगून गेले. झालं. दुसऱ्या दिवसापासून योगेशच्या फोनवर अभिप्रायांचा पाऊस. नाना मला घेऊन हौसेनं वाचायला बसले. पहिला होता: ‘मिरची उद्योगाची शान, गोरगरिबांचे आधारस्तंभ, आमचे मार्गदर्शक शेठजी यांना हार्दिक शुभेच्छा.’ खाली चार नावं आणि पाच स्टार. दुसरा तसाच. तिसऱ्याबरोबर गॉगल घातलेला फोटो होता आणि तो शेठच्या फोटोच्या उजव्या बाजूला घ्यावा अशी विनंती होती.

चूक कोणाचीच नव्हती. योगेशकडे नावं आणि फोटो पाठवायचे ते चौकातल्या बॅनरसाठी, हे लोकांना ठाऊक होतं. शेठ स्वतः लिहा म्हणाले, म्हणजे खाली नाव नसेल तर ते डोळ्यांवर येणार. घाबरून लोकांनी लहान पोरांचीसुद्धा नावं घातली होती. योगेशला वाटत होतं, साइट चालली. नानांनी एकेक करून सगळं पुसायला लावलं.

नंतर नाना स्वतः फिरले. विसरवाडीला हायवेवरच्या ढाब्यांवर बसले, खापरच्या बाजारात उभे राहिले. ढाब्यावरचा पोऱ्या टेबल पुसता पुसता म्हणे, सगळं चांगलं शे, आणि पुसलेलंच टेबल पुन्हा पुसत राही. ज्याची भाकर खातो त्याला नाव कसं ठेवायचं, असं एकानं नानांनाच समजावलं. साइट कोरीच राहिली. नाना मात्र रोज सकाळी फिरून येताना माझ्या दारात थांबत आणि विचारत, "काय उनं का?" मी फोन बघत असे आणि काही आलं नाही म्हणून मान हलवत असे.

एक दिवस बघताना बोट जरा जास्त सरकलं आणि यादीच्या अगदी तळाशी मला आजवर नजरेस न पडलेली एक नोंद दिसली. जिनिंग नाही, ढाबा नाही. ‘हिंमत पाटील, सुपरवायझर, निवृत्त. यांच्या हाताखाली काम कसं होतं?’ पुढे पाच रिकामे स्टार.

ते रोज सकाळी कशाबद्दल विचारत होते, ते मला तेव्हा कळलं. गावभरच्या दुकानांचं काही नव्हतं. त्यांना ही एक जागा भरलेली बघायची होती.

मला ते बघवेना. त्या दुपारी मी पाचही स्टार पिवळे केले आणि लिहिलं: ‘नाना शिस्तीचे कडक पण मनाचे प्रेमळ होते. त्यांनी आम्हा सर्वांना कुटुंबाप्रमाणे वागवले. एक कामगार भगिनी.’ लिहून झाल्यावर बरं वाटलं. चांगलं काम केल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी नाना दारात थांबले नाहीत, आत येऊन बसले. बायकोनं चहा दिला. चहा निवला तरी नानांनी कप तोंडाला लावला नाही. मग म्हणाले, ते पुसून टाकायला सांगितलं योगेशला.

मी विचारलं, का?

"ते निरोप समारंभनं भाषण शे," नाना म्हणाले. कपातच बघत होते. "आनि लिखनारी बाई नही शे. जो कोनी शे, तो माले आजून घाबरस."

मग नानांनी आपणहून सांगितलं, एवढं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर काही महिन्यांनी ते एसटीनं नवापूरकडे चालले होते. गाडी भरलेली, फक्त त्यांच्या शेजारची जागा रिकामी. जमनाबाई चढली. डोक्यावर गाठोडं होतं.

"मी म्हनं, बस ना वं माय. ती आखो मांगे सरकनी. विसरवाडीलगून उभी ऱ्हायनी, पन मन्हा बाजूले बसनी नही."

चहा तसाच ठेवून नाना गेले. माझ्याविषयी ते एक शब्दही बोलले नाहीत.

खरं मला लिहिता आलं असतं. शिंकेचं लिहिता आलं असतं, पण मग ते खाडे कोणाच्या हातानं लागले तेही लिहावं लागलं असतं. नानांनी मला एकदा सगळ्यांसमोर उन्हात उभं केलं होतं तेही. आणि आणखी एक गोष्ट आहे, ती माझ्याशिवाय कोणाच्या लक्षात आलेली नाही. पथारीवर स्टूल एकच होतं, काट्याजवळचं, नानांचं. एका हंगामात एक पोटुशी बाई भोवळ येऊन त्याच्यावर बसली. नाना तिकडून येत होते. त्यांनी तिला पाहिलं, जागच्या जागी पाठ फिरवली आणि दिवस मावळेपर्यंत त्या बाजूला एकदाही वळले नाहीत. दिवसभर उभे होते. संध्याकाळी माझ्यावरच खेकसले, हजेरीला वेळ का लागतो म्हणून.

साइट अजून आहे. नाना अजून दुकानांतून रिकाम्या हातानं परत येतात. यादीच्या तळाशी त्यांचं नाव आहे आणि पुढचे स्टार कोरे आहेत. सकाळी ते माझ्या दारावरून जातात, पण आता विचारत नाहीत.

हे मी तुमच्यासमोर लिहिलं, त्यांच्या पानावर नाही. हिंमतनानांना मी एक खरा अभिप्राय देणं लागतो, बऱ्यावाईट सगळ्यासकट, खाली माझं नाव घालून.