एकोणिसावा बुश

माणसाची लायकी काढायला फारसे शिक्षण लागत नाही. यंत्राची काढायला मात्र तीन दिवसांचे प्रशिक्षण घ्यावे लागते. कारखान्याचा तपासनीस ते पूर्ण करून परतला, तेव्हा त्याच्याजवळ प्रमाणपत्र, पुस्तिका आणि न उमटणारे पेन (संस्थेकडून सप्रेम भेट) होते.

त्याला कळले ते असे. ड्रॉइंगमध्ये मापाला थोडी सवलत दिलेली असते. यंत्राचे नग त्या सवलतीत कसेबसे बसून चालत नाही, दोन्ही बाजूंना जागा उरावी लागते. कपाट दारातून आत गेले एवढ्यावर भागत नाही, नेणाऱ्याची बोटेही शाबूत राहिली पाहिजेत. या ऐसपैसपणाला प्रक्रिया-क्षमता म्हणतात आणि ती किमान १.३३ असावी. हे सगळे त्याने घरी बायकोला समजावले.

"ते असू दे," ती म्हणाली. "बाबांच्या लेथचं काय होणार, ते सांग."

हा प्रश्न पुस्तिकेत नव्हता. त्याचे सासरे त्याच कारखान्यात जुन्या लेथवर लिफ्टच्या कप्पीचे बुश (आसाभोवती बसणारी धातूची नळकांडी) बनवत. निवृत्तीला दीड वर्ष उरले होते. १.३३ च्या खाली येणारे यंत्र भंगारात आणि चालवणारा घरी, असा साहेबांचा आदेश होता.

तपासनिसाने तीस बुश मोजले. क्षमता ०.६२ आली. सुधारणात्मक उपाय म्हणून त्याने मायक्रोमीटर पुसला (०.६२), चष्मा पुसला (०.६२) आणि शेवटी सासऱ्यांना विचारले.

"अहो जावईबापू, हे मशीन माझ्याहून म्हातारं आहे. तापेपर्यंत जाड नग देतं, तापल्यावर बारीक. अधेमधे एखादा नेमका येतो, झालं."

नेमका आला होता तो एकोणिसावा. पुस्तिकेत 'तीस मोजमापे घ्यावीत' असे स्वच्छ लिहिले होते. ती तीस वेगवेगळ्या नगांची असावीत हे लिहायचे लेखकाला सुचले नव्हते (त्याचे प्रशिक्षण राहिले असावे). तपासनिसाने एकोणिसावा बुश तीस वेळा मोजला. क्षमता ११.४ आली.

साहेब गहिवरले. ग्राहकाची माणसे लेथबरोबर फोटो काढून गेली. नव्याकोऱ्या यंत्रांना जेमतेम १.४ गाठता येत होते, म्हणून त्यांचेही काम सासऱ्यांकडे आले आणि निवृत्ती तीन वर्षे लांबली.

"गुडघे दुखतात हो," सासरे म्हणाले.

पण बायकोने त्या संध्याकाळी नवऱ्याकडे इतक्या कौतुकाने पाहिले की त्याला लाज वाटली आणि बरेही वाटले. एकोणिसावा बुश आता साहेबांच्या टेबलावर मखमली डबीत असतो. बाकीचे लिफ्टमध्ये आहेत.

तपासनिसाला हसण्यापूर्वी एक करा. शेजाऱ्याला एकदा तुम्ही दवाखान्यात नेले होते, ते आजवर किती वेळा सांगितलेत, मोजा. तीस भरले असतील, तर तुमचीही क्षमता अकराच्या वर आहे. निर्धास्तपणे लिफ्टने जा.