वरच्या डोहाचं पाणी

एका जंगलात, जिथे सगळं फार पूर्वीपासून चालत आलं होतं, वरच्या डोहाचं स्वच्छ पाणी फक्त पट्टेवाल्यांना मिळे. बाकीच्यांनी खालचं गढूळ प्यायचं. का? मुलांनो, आधी जेवा.

डोहावर खारूताई पहारा करी. अंगावर पट्टे तीनच, पण तोरा वाघाचा. ओलं पान घासून ती प्रत्येकाचे पट्टे तपासायची. रंगवलेले निघाले तर हाकलायची.

तिथे एक रानडुकरीण होती. खालच्या पाण्याने तिची दोन पिल्लं दगावलेली. तिसरी टुमी. डुकरांच्या पिल्लांना जन्मतः पट्टे असतात, म्हणून टुमीला वर प्रवेश होता. आई काठावर थांबायची.

पण हे पट्टे चार महिन्यांत जातात. टुमीचे जाऊ लागले. आईने तिला चाटणंही सोडलं. न जाणो, आपल्यामुळेच पुसले जात असतील! (हसू नका. आयांना असंच वाटतं.)

हिवाळ्यात करकोचे गुरुजी आले. देशोदेशीची जंगलं पाहिलेले, त्यांचे इतिहास ताडून पाहणारे. डुकरीण त्यांना गाठून म्हणाली, "गुरुजी, वाघोबांच्या सभेत चार शब्द सांगा. तुमचं ऐकतील."

गुरुजी सभेत बोलले. "नदीपलीकडे वरचं पाणी ठिपकेवाल्यांचं. पट्टेवाल्यांना खालचं."

"अरेरे! वाघांनासुद्धा?" वाघोबा कळवळले.

"वाघांनासुद्धा. डोंगरापल्याड शिंगांवरून ठरतं. शंभर वर्षांपूर्वी तिथेच शेपटीवरून ठरायचं."

"शेपटीवरून!" खारूताई हसून हसून फांदीवरून पडली. "काय अडाणी लोक, बाई!"

"आणि आपल्याकडे पट्ट्यांवरून," गुरुजी हळूच म्हणाले.



"छे छे, गुरुजी," वाघोबा समजुतीने म्हणाले, "त्यांचा तो अन्याय. आपली ही परंपरा."

टाळ्या पडल्या. गुरुजींना शाल आणि मासा मिळाला. मासा तोंडात असल्याने पुढचं बोलता आलं नाही.

डुकरीण धीर करून उठली. "महाराज, मग माझ्या टुमीचं काय?"

खारूताईने टुमीवर ओलं पान फिरवलं. एकही पट्टा उरला नव्हता.

"उद्यापासून खाली," वाघोबा म्हणाले. "पण बाई, पुढच्या वर्षी व्याख्यानाला तिला जरूर आणा. मागे बसायला जागा असते."

तात्पर्य : दुसऱ्या जंगलांचा इतिहास अवश्य अभ्यासावा. आपलं जंगल किती चांगलं आहे, याची त्याशिवाय खात्री पटत नाही.