परचुरे साहेबांची हिरवी केळी

कुंदाबाईंची मुलाखत सोमवारी दुपारी होती आणि त्याच दिवशी सकाळी त्याच हॉलमध्ये परिसंवाद होता. हा बेत हेडक्लार्कचा. नागपूरचे मोठे साहेब जळगावला येणार एकदाच, मग दोन्ही कामं एका दिवसात उरकून घ्यावीत, असा त्याचा साधा विचार.

नशिराबाद रस्त्यावरच्या त्या फळ संशोधन संस्थेत कुंदाबाई नऊ वर्षं रोजंदारीवर होत्या. नवरा गेलेला, घरात दोन मुली. दर पावसाळ्यात "आता काम नाही, घरी बसा" हे ऐकायचं आणि मुकाट्यानं घरी बसायचं. आता प्रयोगशाळेत मदतनिसाची एक कायमची जागा निघाली होती. अर्ज आले सात. सहा मॅट्रिक पास उमेदवारांचे आणि सातवा चौथी पास कुंदाबाईंचा. तरी बाईंनी आशा धरली होती. माणसानं धरू नये तर काय करावं?

संस्थेचे मुख्य शास्त्रज्ञ डॉ. परचुरे पुण्याचे. विद्वान माणूस, पण केळीच्या बागेत आयुष्यात पहिल्यांदा शिरले ते चाळिशीनंतर. त्यांनी मेणाचं एक पातळ औषध तयार केलं होतं. ते लावलं की केळी तीन आठवडे हिरवी राहायची. अशा चाळीस फण्या त्यांनी परिसंवादासाठी राखून ठेवल्या होत्या. शनिवारी दुपारी मेहुणीच्या लग्नाला धुळ्याला निघताना त्यांनी कुंदाबाईंना बोलावून सांगितलं, "ही सोमवारच्या पाहुण्यांसाठी आहेत. नीट सांभाळा. काही झालं तर मी तुम्हालाच विचारणार."

साहेब गेले. कुंदाबाई फण्यांसमोर उभ्या राहिल्या आणि त्यांना घामच फुटला. पाहुणे परवावर आले आणि केळी अजून दगडासारखी. त्यांचं माहेर रावेरकडचं, केळीवाल्यांचं. तिथे दारी आलेल्या अनोळखी माणसापुढेही कोणी कच्चं केळं ठेवत नाही. पाहुण्यापुढे ठेवलं तर घराण्याची अब्रूच गेली. शिवाय साहेबांची दया येण्याजोगीच गोष्ट होती. अठरा दिवस बिचारे रोज सकाळी येऊन फण्या दाबून बघत, मान हलवत आणि वहीत काहीतरी लिहीत. बाईंच्या मते, पुण्याच्या माणसाला केळी पिकवता येत नव्हती आणि विचारायची लाज वाटत होती.

मग काय, त्यांनी पदर खोचला. गोदामात केळीची पानं अंथरली, त्यावर फण्या रचल्या, कोपऱ्यात मडक्यात गोवऱ्या पेटवून धूर केला आणि दाराच्या फटी शेणमातीनं लिंपल्या. रविवारी सुट्टी असून येऊन पुन्हा धूर दिला. सोमवारी सकाळी दार उघडलं तेव्हा चाळीसच्या चाळीस फण्या हळदीसारख्या पिवळ्या झाल्या होत्या. बाईंनी त्या टेबलावर मांडल्या, वर पांढरं कापड घातलं आणि साहेब खूश होणार म्हणून दारात उभ्या राहिल्या.

धुळ्याची बस उशिरा आली. डॉक्टर धावतपळत थेट माइकसमोर गेले. हिरवेपणा कसा टिकतो यावर ते अर्धा तास बोलले आणि "आता प्रत्यक्षच पाहा" म्हणत त्यांनी कापड ओढलं. पिकल्या केळ्यांचा वास शेवटच्या रांगेपर्यंत गेला. डॉक्टरांचा चेहरा पाहिला मात्र, आपल्या हातून काय झालं ते कुंदाबाईंना कळलं. नोकरी गेलीच, रोजंदारीही गेली असं समजून त्या तडक पंपघरामागे जाऊन बसल्या.

इकडे पहिल्या रांगेतले केळ्यांचे व्यापारी मिश्रीलालशेठ उठून उभे राहिले. "डॉक्टरसाब, गेल्या साली तुमचं औषध लावून मी वॅगन दिल्लीला धाडली. पोचली हिरवी, राहिली हिरवी आणि हिरवीच सडली. ही पिकली कशी?"

डॉक्टर ग्लासभर पाणी प्यायले. "तोच तर," ते म्हणाले, "आजचा विषय आहे." हॉलभर टाळ्या पडल्या. तपशील दुपारी सांगतो म्हणून त्यांनी वेळ मारून नेली आणि जेवणाच्या सुट्टीभर ते कुंदाबाईंना शोधत फिरले. पंपघरामागे पाहायचं त्यांना सुचलं नाही.

मुलाखतीला बाई सर्वांत शेवटी आल्या. नागपूरचे मोठे साहेब अध्यक्ष म्हणून मध्ये, शेजारी डॉक्टर. बाईंनी बसायच्या आधीच सांगून टाकलं, "साहेब, चूक झाली. ती केयी म्या पिकवली."

"तुम्ही?" अध्यक्षांनी चष्मा काढला. "मग हा प्रयोग डॉक्टरांचा नाही?"

बाईंनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांचं तोंड इतकं उतरलं होतं की बाईंना स्वतःची धास्ती विसरून त्यांचीच कणव आली. "प्रयोग साहेबायचाच," त्या म्हणाल्या. "अठरा दिस रोज पाहत व्हते. धूर तेवढा माह्या."

मग अध्यक्ष विचारत गेले आणि बाई सांगत गेल्या. गोवऱ्या किती, धूर किती वेळ, दार कधी उघडायचं, ढगाळ हवा असली तर काय. वीस मिनिटं झाली. अध्यक्षांनी विचारलं, "डॉक्टर, हे सगळं तुमच्या वहीत आहे ना?"

डॉक्टर वही चाळल्यासारखं करत राहिले. माणूस शेवटी सरळ. "नाही," ते हळूच म्हणाले. "मलाही आत्ताच कळतंय."

अध्यक्ष इतके हसले की हेडक्लार्क बाहेरून डोकावून गेला.

पंधरा दिवसांनी कुंदाबाईंच्या हातात कायमच्या नेमणुकीचा कागद पडला. घरी मुलींना तो दाखवताना त्या रडल्या. दुसऱ्या दिवशी नवं लुगडं नेसून प्रयोगशाळेत हजर झाल्या आणि काय काम करू म्हणून त्यांनी विचारलं. डॉक्टर त्यांना थेट गोदामात घेऊन गेले, पँट वर ओढून मडक्यासमोर उकिडवे बसले आणि मांडीवर वही उघडली. बाईंनी गोवऱ्या पेटवल्या तसं धुरानं डॉक्टरांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"फुका साहेब, जोरानं," मडक्यातला विस्तव मंदावलेला पाहून कुंदाबाई म्हणाल्या. "इस्तो इझला तं पुन्हा पहिल्यापासून."

डॉक्टरांनी आधी ते लिहून घेतलं आणि मग फुंकलं.