काठोकाठ कप आणि दोन मोटारी

लोक मोटारीची पारख टायरला लाथ मारून करतात. आमच्या छावणीतले रशीदचाचा ती कपभर चहाने करतात. मी काठोकाठ भरलेला कप घेऊन मागच्या सीटवर बसायचं आणि चाचांनी मोटार जालना रोडनं करमाडपर्यंत न्यायची. बशीत चहा सांडला की मोटार नापास. पुढच्या सीटवर बसायची मात्र मला मनाई. या शेजारधर्मात माझे किती शर्ट गेले, ते आमच्या हिला विचारा.

चाचांच्या अंगणात दोन मोटारी. काळी ऑस्टिन अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शनच्याही आधीची, वडिलांनी एका जहागीरदाराकडून घेतलेली. तिला पायदान, रबरी भोंगा, आणि पुढून हँडल मारावं लागतं. दुसरी पांढरी फियाट, सत्तर सालानंतरची.

"ही खानदानी, गुरुजी. उठायला येळ लावती, पण उठली की झुलत जाती," ऑस्टिनकडे बघत चाचा म्हणत. लगेच फियाटला वाईट वाटेल म्हणून, "आन् ही लई कामाची. हाक मारली की हजर!" पुसायची फडकीसुद्धा दोघींना वेगळी.

यंदा त्यांच्या मुलाला, सलीमला, अंगणात खोली काढायची होती.

"अब्बा, एक गाडी निकालो."

"कौनसी?"

"जिसमें चाय गिरी, वो."

बापाचाच कायदा पोरानं बापाला लावला.

पण निकाल लागेना. एका रविवारी ऑस्टिन सांडायची, दुसऱ्या रविवारी फियाट. "बराबर! फिरसे!" चाचा खुशीत. जी मागे पडली तिच्या पाळीला ते कप बोटभर कमी भरतात, हे कळायला मला चार रविवार लागले.

"चाचा, ही लबाडी झाली."

त्यांनी ऑस्टिनचं फडकं उचललं. मग म्हणाले, "बेगमला जालन्याहून ह्या ऑस्टिनमदी आणली. करमाडला चाय घेतली. नवी नवरी, कप हातात घेऊनच गाडीत बसली, आन् म्या दामटली. सगळी चाय ओढणीवर! तिचा पैला बोल काय म्हाइताय? 'पैले चाय तो पीने देव!' फियाट तिच्याच हट्टानं घेतली. दर रविवारी दोघं करमाडला चाय प्यायला. कोणती जास्त आवडती, इचारायचंच राहिलं. आता कुणाला इचारू?"

चाचींना जाऊन तीन वर्षं झाली होती.

पाचव्या रविवारी कप सलीमनं स्वतः भरले आणि तो स्कूटरवरून मागे निघाला. आधी ऑस्टिन, मग फियाट. दोन्ही वेळा पहिल्या वळणाआधीच मी एक मोठा घोट घेतला. चहा कढत होता, जीभ पोळली.

करमाडला सलीमनं दुसऱ्यांदा कोरडी बशी पाहिली. मग माझ्या मिशीला लागलेली साय पाहिली. खिशातला रुमाल काढून त्यानं माझ्या हातात दिला.

"दोन्हो पास, अब्बा. खोली गच्चीवर काढू."

चाचांनी मागे वळून पाहिलं नाही. शेजारच्या रिकाम्या सीटवर त्यांनी हात ठेवला.

"सुने क्या बेगम? दोन्हो पास."