वाररेषेवर अडलेला पाठ

माध्यमिक शाळेत शिकवायचं तर आधी कला शाखेची पदवी घ्यावी आणि मग शिक्षणशास्त्राची, हा जुना वेळखाऊ मार्ग बंद करून दोन्ही पदव्या एकत्रच देण्याचा निर्णय झाला, तेव्हा त्याचं सर्वत्र स्वागत झालं. आमच्या घरात ते आत्यानं केलं. "एका फेरीत दोन कामं होतायत, जा," असं म्हणून तिनं माझा अर्ज भरूनही टाकला. मलाही शिक्षिका व्हायचंच होतं. प्रवेशाच्या मुलाखतीत मी हे मोकळेपणानं सांगितलं, तेव्हा समितीची मंडळी माझ्याकडे बराच वेळ सहानुभूतीनं बघत राहिली.

अभ्यासक्रमाची रचना शास्त्रशुद्ध होती. सकाळी कला शाखेच्या इमारतीत काय शिकवायचं ते शिकायचं आणि दुपारी समोरच्या शिक्षणशास्त्राच्या इमारतीत ते कसं शिकवायचं ते शिकायचं. मध्ये मोठं मैदान होतं. ज्ञान या मैदानावरून इकडून तिकडे ये-जा करील अशी अपेक्षा असावी. प्रत्यक्षात ये-जा फक्त आम्हीच करत होतो, तीसुद्धा डबा खाऊन, डोळे मिटायला लागलेले असताना.

सकाळच्या इमारतीत भूगोल शिकवणाऱ्या सरांना आम्ही आशयसर म्हणायचो. एके दिवशी त्यांनी वाररेषा काढली. महासागराच्या मधोमध, नकाशावर वरून खाली जाणारी एक वाकडीतिकडी रेषा. ती ओलांडली की तारीख बदलते. जहाज पश्चिमेकडे चाललं असेल तर एक दिवस गाळायचा, पूर्वेकडे चाललं असेल तर तोच दिवस पुन्हा धरायचा. एवढं सांगून त्यांनी फळा पुसायला घेतला.

"सर, पण असं का?" मी विचारलं.

"हे तुमचं शाळेत झालंय," सर म्हणाले.

शाळेत मी हाच प्रश्न विचारला होता आणि तिथल्या बाईंनी हे पुढे कॉलेजात येईल असं सांगितलं होतं. म्हणजे या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी ते येऊन गेलं होतं आणि नेमकी त्या दिवशी मी गैरहजर असणार. दुपारी मी मैदान ओलांडून पद्धतीमॅडमकडे गेले. कसं शिकवावं या विषयात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यांनी माझं शांतपणे ऐकून घेतलं आणि काय शिकवायचं हा भाग या इमारतीच्या कक्षेत येत नाही, असं सांगितलं. "आणि हे बघ," त्या म्हणाल्या, "पद्धत पक्की असेल ना, तर विषयाची अडचण येत नाही."

त्यांचं म्हणणं खरं ठरलं. तिसरं वर्ष संपेपर्यंत आमची पद्धत इतकी पक्की झाली, की कुठलीही गोष्ट आम्ही कुणालाही शिकवू शकलो असतो. फक्त गोष्ट तेवढी कुणीतरी हातात आणून द्यायला हवी होती.

सराव आम्ही एकमेकांवर करायचो. एकानं शिकवायचं आणि बाकीच्यांनी आठवीतली मुलं व्हायचं, असा नियम होता. आमच्यात एक काका होता. चांगली काही वर्षं गोदामात नोकरी करून शिकायला आलेला, भरघोस मिशांचा. तो मूल व्हायचा तेव्हा हात वर करताना बाकावरून अर्धा उठायचा, शेंबूड पुसल्यासारखं करायचा आणि "बाई, मी सांगू, बाई, मी" असा घोष लावायचा. मॅडम त्याला आदर्श विद्यार्थी म्हणत. पाठाच्या शेवटी शिकवणारीनं विचारायचं, "समजलं का?" आणि वर्गानं एका सुरात म्हणायचं, "हो, बाई." असं म्हटलं की पाठाचं उद्दिष्ट साध्य झालं, अशी नोंद होत असे. एकदा काकाला कुठली दुर्बुद्धी सुचली कोण जाणे, तो म्हणाला, "नाही समजलं." मॅडमनी पाठ थांबवला. न समजणारा विद्यार्थी आपल्याला पुढच्या सत्रात आहे, तोवर त्याला वर्गात आणू नये, असं त्यांनी काकाला बजावलं.

पुढचं सत्र आलं तेव्हा त्या विद्यार्थ्यावर एक स्वतंत्र पेपर होता. त्याच्यावर आम्ही भरभरून लिहिलं. त्याचे प्रकार लिहिले, कारणं लिहिली, उपाययोजना लिहिल्या. भेट मात्र झाली नाही.

चौथ्या वर्षी खऱ्या शाळेत पाठ सुरू झाले. कॉलेजला सरावासाठी आठवी ब हा वर्ग कायमचा बहाल झाला होता. इतक्या पिढ्यांनी त्या वर्गावर हात साफ करून घेतला होता, की तिथली मुलं आता या कामात मुरली होती. माझ्या पहिल्याच पाठाला मी वर्गात शिरून फळ्यावर विषय लिहायला गेले, तर पुढच्या बाकावरची वर्गप्रमुख मुलगी दबक्या आवाजात म्हणाली, "बाई, आधी नाही लिहायचा. आधी आम्हाला प्रश्न विचारायचे, मग आम्ही तो ओळखतो." मी प्रश्न विचारले आणि त्यांनी तो ओळखला. मध्ये एका मुलानं ठरल्याप्रमाणे चुकीचं उत्तर दिलं, म्हणजे मला ते प्रेमानं सुधारता आलं. शेवटी मी विचारलं, "समजलं का?" तेव्हा "हो, बाई" इतकं गोड आलं, की मागे बसलेल्या मॅडमचे डोळे पाणावले.

अशा रीतीनं सगळं सुरळीत चाललं असताना वार्षिक पाठाची वेळ आली. विषय चिठ्ठी उचलून मिळायचा. मी उचलली आणि वाररेषा निघाली. माझी पाचावर धारण बसली. या पाठात नापास झाले असते तर दोन्ही पदव्या एकदम अडकणार होत्या. एका शाळेनं पास झालीस तर लगेच ये, म्हणून सांगून ठेवलं होतं, ती नोकरीही गेली असती. आणि आत्यानं तर आमची पोरगी शिक्षिका झाली, असं जिन्यातल्या प्रत्येक दारावर सांगून टाकलं होतं. पण मॅडमनी धीर दिला. "टाचण नीट काढ. बाकी आठवी ब सांभाळून घेईल."

पाठाचं टाचण मी देखणं काढलं. कोणता प्रश्न कधी विचारायचा, त्यावर मुलं काय उत्तर देतील, कोणत्या उत्तराला शाबास म्हणायचं आणि कोणत्याला छान, सगळं रकान्यांत बसवलं. पुठ्ठ्याचं एक जहाज केलं, ते दोरीवरून सरकायचं. परीक्षक दोघे होते. एक आशयाचे, एक पद्धतीचे. ते मागच्या बाकावर गुडघे दुमडून कसेबसे बसले. जहाज रेषेवरून इकडे गेलं, तिकडे गेलं, एक दिवस गळला, एक दिवस दोनदा आला. शाबास झालं, छान झालं. मी खडू ठेवला आणि विचारलं, "समजलं का?"

"हो, बाई," वर्ग म्हणाला.

"नाही," खिडकीजवळून आवाज आला.

एक मुलगी उभी होती. दोन वेण्या, नवा गणवेश. ती आदल्याच दिवशी दुसऱ्या शाळेतून आली होती आणि तिला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. वर्गप्रमुखानं तिचा झगा खाली ओढला, पण ती बसेना.

"बाई, माझे बाबा जहाजावर असतात," ती म्हणाली. "वाढदिवसाला फोन करणार होते. नाही केला. दुसऱ्या दिवशी म्हणाले, आमचं जहाज ती रेषा ओलांडून गेलं, तुझा वाढदिवस इकडे आलाच नाही. आई म्हणते, सगळे बहाणे आहेत. म्हणून मी नीट ऐकत होते. पण मला नाही समजलं. असा दिवस नाहीसा होतो का खरंच?"

मी टाचणात पाहिलं. अपेक्षित उत्तरांच्या रकान्यात "हो" होतं आणि त्याखाली रेघ मारलेली होती.

पद्धतीचे परीक्षक सर्वांत आधी सावरले. हा प्रश्न आशयाचा असल्यामुळे आपण त्यात पडू शकत नाही, असं त्यांनी जाहीर केलं. आशयाचे परीक्षक म्हणाले की आशय बरोबरच होता, मुलीला समजला नाही याचा अर्थ घोडं पद्धतीत अडलंय. यावर पद्धतीवाल्यांनी टाचण उंच धरून दाखवलं. दोघांचा आवाज चढला. मग मुख्याध्यापकांना बोलावण्यात आलं. त्यांनी मुलीला जवळ घेतलं आणि विचारलं, "बाळ, तुला मनापासून समजलं नाही, की सहज म्हणालीस?"

"मनापासून," ती म्हणाली.

"सोपं आहे गं ते."

"मग सांगा ना, सर."

मुख्याध्यापकांना एकदम आठवलं की हे काम शाळेच्या भूगोलाच्या शिक्षकांचं आहे. ते आले. त्यांनी जहाजाकडे पाहिलं, दोरीकडे पाहिलं आणि हे पुढे कॉलेजात येतं, असं सांगितलं. शेवटी असं ठरलं की मुलीनं मागील तारखेनं "हो" म्हणावं आणि पाठ जिथे थांबला तिथून पुढे चालू करावा. हा तोडगा सगळ्यांना पसंत पडला.

"समजलं तर म्हणेन," मुलगी म्हणाली.

तेव्हा मंडळी सल्लामसलत करायला बाहेर व्हरांड्यात गेली. दार लोटलं गेलं आणि आत मी, माझं पुठ्ठ्याचं जहाज आणि आठवी ब एवढेच उरलो.

खरं सांगते, मला रडू येत होतं. नोकरीचं, आत्याचं, सगळं डोक्यात फिरत होतं. पण ती पोर तशीच उभी होती आणि तिच्या तोंडाकडे बघून मला पहिल्यांदाच माझ्या पाठापेक्षा तिच्या बापाची काळजी वाटायला लागली. "मलाही नाही समजलेलं," मी म्हटलं. "चल, बघू या."

वर्गात गलका झाला. एक मुलगा म्हणाला, जहाजावर घड्याळ असेलच की. दुसरी म्हणाली, माझा काका विमानानं पश्चिमेकडे गेला होता तर त्याला सारखं घड्याळ मागे करावं लागत होतं. मी म्हटलं, करून बघू. बाक सरकवले, गोल केला, काही मुलांची घड्याळं केली. वेण्यावाली जहाज झाली आणि पश्चिमेकडे चालायला लागली. थोडं चाललं की घड्याळ तासभर मागे, अजून थोडं चाललं की पुन्हा तासभर मागे. "म्हणजे बाई, हिचा दिवस आमच्यापेक्षा मोठा होतोय," वर्गप्रमुख म्हणाली. "ही फुकटात तास घेतेय." फेरी पुरी झाली तेव्हा त्या फुकटच्या तासांचा मिळून अख्खा एक दिवस झाला होता. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. रेषेवर दिवस कुणी चोरत नाही, वाटेत थोडा थोडा उचललेला वेळ तिथे एकदम परत करायचा असतो, एवढंच होतं ते. इतकी वर्षं इमारतींमधून हिंडले आणि शेवटी मला ते चपला वाजवत बाकांभोवती फिरताना समजलं. मला इतका आनंद झाला की मी टाळ्या वाजवल्या.

वेण्यावाली मात्र विचारात पडली होती. "म्हणजे इथे माझा वाढदिवस होता, तेव्हा तिकडे जहाज होतंच. बाबा जागे होते. नुसती तारीख वेगळी होती."

"हो."

"मग फोन करता आला असता."

मला खोटं सांगता आलं असतं. "आला असता," मी म्हटलं.

तिनं पुन्हा दोन पावलं पश्चिमेकडे टाकून बघितली. मग तिच्या चेहऱ्यावर हळूच हसू फुटलं. "बहाणा नव्हता, बाई. त्यांना पण समजलं नसणार. त्यांनी जहाजावरचं कॅलेंडर बघितलं असेल. वर्गात 'हो, बाई' म्हणाले असतील ते." आणि घरी गेल्यावर आपण त्यांना फोनवर नीट शिकवणार आहोत, असं तिनं जाहीर केलं.

नेमक्या याच वेळी दार उघडलं. बाक वेडेवाकडे पडलेले, घड्याळं भांडतायत, जहाज हसतंय. पद्धतीच्या परीक्षकांनी डोळे मिटून घेतले. आशयाच्या परीक्षकांनी वेण्यावालीला विचारलं, "काय गं, समजलं का?"

"हो," ती म्हणाली. "तुम्हाला सांगू?"

तशी गरज नाही, असं दोघेही एकदम म्हणाले. त्या पाठाबद्दल त्यांचं एकमत झालं ते एवढंच.

मी काठावर पास झाले. शेरा असा होता: "सुरुवात उत्तम. पुढे उमेदवार शिकवण्याच्या नादाला लागल्यामुळे पाठ भरकटला." नापास करायचं तर कारण लिहावं लागलं असतं, आणि कारण लिहायला वाररेषा कळावी लागली असती, त्यामुळे तो विषय तिथेच मिटला. नोकरी मिळाली. आत्याची अब्रू राहिली.

आता मी वर्गात "समजलं का" असं विचारत नाही. "काय समजलं ते सांग," असं म्हणते. मुलं कुरकुरतात आणि पालक तक्रारी घेऊन येतात. परवा एक गृहस्थ आले. चांगले शिकलेले, सूटबूट घातलेले. मुलीला वर्गात प्रश्न विचारून ताण देता, म्हणाले. त्यांना मी ही सगळी हकिगत ऐकवली, आत्ता तुम्हाला सांगितली तश्शी. ते मोकळेपणानं हसले. मान डोलावली. आपली शिक्षणपद्धती अशीच आहे हो, नुसतं हो ला हो करायला शिकवते, असं कळवळून म्हणाले. मी म्हटलं, अगदी बरोबर बोललात, तर आता तेवढं सांगा बघू, पश्चिमेकडे जाणाऱ्या जहाजाला एक दिवस गाळावा का लागतो?

त्यांना तातडीचं काम आठवलं आणि ते गेले.

तुम्हाला काही घाई नाहीये. तुम्ही बसा, आणि सांगा. वरचा तो बाकांभोवतीच्या फेरीचा परिच्छेद परत काढून बघायचा नाही.